बाथरूमच्या '२४ व्होल्ट' स्विचमध्ये निघाले थेट २३० आणि गेले १,१३,२८० रुपये

आकडा आधी लिहितो, कारण तोच डोक्यातून जात नाही. १,१३,२८० रुपये. ४ मार्चला ५०,००० ॲडव्हान्स, १२ एप्रिलला माल आल्यावर ४५,०००, आणि २८ एप्रिलला राहिलेले १८,२८०. शेवटचे तरी अडवून ठेवायला पाहिजे होते, पण ३० एप्रिल २०२५ ला अक्षय तृतीया, त्या दिवशी वास्तुशांत, पाहुण्यांना आमंत्रणं गेलेली, आणि बटणं बसवणारा म्हणतोय पेमेंट झाल्याशिवाय ॲप चालू करून देणार नाही. अशा वेळी कोण भांडत बसतं सांगा.

घर वडगाव भागातलं, नवीन बांधलेलं. बेळगावचा पाऊस ठाऊकच आहे, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, बाथरूमच्या बोर्डाला हात लावायची भीती वाटावी अशी. आईचं वय ७१, ती ओल्या हातानेच बटण दाबते, कितीही सांगा. म्हणून मी ठरवलं होतं की घर ऑटोमेशनचं करतोच आहोत तर तिन्ही बाथरूमला लो-व्होल्टेज बटणं घ्यायची. मी आंधळेपणाने गेलो नव्हतो, महिनाभर वाचलं होतं. बाथरूमच्या बटणापर्यंत फक्त २४ व्होल्ट डीसी येतो, बटण बेलसारखं दाबून सोडायचं, ते नुसता सिग्नल देतं, आणि खरा २३० चा खटका म्हणजे रिले बाहेर डीबीत, म्हणजे एमसीबीच्या पेटीत बसतो. शॉवरच्या अगदी जवळ बटण पाहिजे असेल तर १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसीच्या वर जायचं नाही, आणि सप्लाय देणारा ट्रान्सफॉर्मर बाथरूमच्या बाहेर. एवढं सगळं मला पाठ होतं, आणि तरी फसलो, याचीच जास्त लाज वाटते.

माणूस पलीकडचा, महाराष्ट्रातला. एका नातेवाइकाच्या ओळखीने आला, मराठी बोलणारा, आमच्याच घरी जेवला. कोटेशन व्यवस्थित छापलेलं : बटणांच्या ८ प्लेट्स ४,२०० ने ३३,६००, आठ चॅनेलचे २ रिले मॉड्यूल १८,५०० ने ३७,०००, सेफ्टी पॉवर सप्लाय ९,४००, केबल आणि मजुरी १६,०००. झाले ९६,०००, वर जीएसटी १७,२८०. कोटेशनवर 'ओल्या हातासाठी १००% सुरक्षित' असं लिहिलेलं. तेवढ्यासाठीच तर पैसे दिले मी.

आता तो दिवस. एप्रिलचा तिसरा आठवडा, त्याची पोरं वायर ओढत होती. आमचे अप्पा तीस वर्षं पॉवरलूम चालवलेले, मोटारी स्वतः दुरुस्त करायचे. ते खुर्ची टाकून बघत बसलेले. मला हाक मारून म्हणाले, "चोवीस व्होल्टच्या बटणाला दीड एमएमची वायर कशाला ओढालेत रे? लाल काळी दोन्ही आत चाललीत." मी कॉइल बघितली, त्यावर १.५ छापलेलं स्पष्ट दिसत होतं. सिग्नलला अर्धा एमएमची बारीक वायर नाहीतर इंटरनेटची कॅटसिक्स केबल पुरते, हे मीच महिन्यापूर्वी वाचलेलं. त्या पोराला विचारलं तर म्हणाला, पुढे लोड वाढला तर असू दे साहेब. बटणाला लोड कुठला वाढणार? एवढा एक प्रश्न मी विचारला असता तर तिथेच काम थांबलं असतं. त्याऐवजी मी अप्पांना म्हणालो, "अप्पा, आता टेक्नॉलॉजी बदललीय, तुम्ही नका त्यात पडू." ते उठून आत गेले. तीन महिने झाले तरी ते वाक्य कानात वाजतंय.

बटणापर्यंत जाडी फेज-न्यूट्रल जाताना दिसली की काम थांबवा. दुसऱ्याच मिनिटाला थांबवा.

जुलैत आई म्हणाली, बटणाला हात लावला की मुंग्या येतात रे. मी त्याला फोन केला, तो म्हणाला स्टॅटिक असेल. चार दिवसांनी तिचा हात झटकून मागे आला. तेव्हा मी आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने प्लेट काढली, मीटर लावला, २२८ व्होल्ट. प्लेट म्हणजे ऑनलाइन मिळतो तो साधा वायफाय टच स्विच, मागचं लेबल खरवडून वर दुसरं चिकटवलेलं. खाली डीबीत तो ९,४०० चा पॉवर सप्लाय, हिरवी लाईट लागलेली, आणि त्याच्या आउटपुटला एकही वायर नाही!! म्हणजे दाखवायला नुसता पेटवून ठेवलेला, तीन महिने. रिले मॉड्यूलचीही तीच गत. गिझर २,००० वॅटचा, म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास, तो त्या ५ अँपिअरच्या टच प्लेटवर टाकलेला, आतून काळी पडलेली. आणि मी आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा खटका, बसवू म्हणालो होतो तर याने सांगितलं, लो-व्होल्टेजला गरज नाही, तेवढे २,९०० वाचतील तुमचे. आईच्या जिवावर वाचवले २,९००. लो-व्होल्टेज असो नसो, ३० मिलिअँपचा आरसीसीबी पाहिजेच, गिझर, लाईट सगळं २३० वरच चालतं की शेवटी.

बिलाकडे मी नंतर नीट बघितलं. जीएसटी नंबर २७ ने सुरू, म्हणजे महाराष्ट्राचा, माल आला कर्नाटकात, आणि टॅक्स लावलेला सीजीएसटी ८,६४० आणि एसजीएसटी ८,६४०. राज्याबाहेरून माल आला की आयजीएसटी लागतो, हे आमच्या किराणावाल्यालाही माहीत असतं. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर रद्द. हे करायला दोन मिनिटं लागतात, ॲडव्हान्सच्या आधी करा. पैसे गेलेलं खातंही फर्मच्या नावाचं नव्हतं, कुठल्यातरी बाईच्या नावाचं होतं. प्लेटवर आयएसआयचा छाप होता पण खाली सीएम/एल नंबर, म्हणजे लायसन्सचा नंबर, नाही. नंबर असला तरी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा.

आता पोलीस. इकडच्या स्टेशनात मराठीत लिहिलेला अर्ज दिला तर कन्नडमध्ये आणा म्हणाले. टायपिंगवाल्याला ३०० देऊन कन्नडमध्ये नेला. मग म्हणाले, हे सिव्हिल मॅटर आहे, आणि माणूस तिकडचा, खातं तिकडचं, तिकडं जावा. निपाणी ओलांडून तिकडे गेलो, जाऊन-येऊन दोनशेच्या वर किलोमीटर, एक दिवसाची रजा. तिथे विचारलं काम कुठे झालं? बेळगावात. मग तिकडेच नोंदवा. आणि वर कन्नड अर्ज आम्हाला वाचता येत नाही, मराठीत लिहून द्या!! जो मराठी अर्ज इकडे घेतला नव्हता तोच तिकडे दिला, पोच मागितली तर दिली नाही. तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी ज्यांच्याकडे अर्ज होता तेच बदलीवर गेलेले. वीज ऑफिसात गेलो तर मीटरच्या पुढचं आमच्याकडे येत नाही. बरोबर असेल नियमाने, पण बाथरूममध्ये माणूस चिकटला असता तर पंचनाम्याला सगळे आले असते की नाही? आम्ही सीमेवर राहतो हा काय आमचा गुन्हा आहे का? फसवणाऱ्याला सीमा आडवी येत नाही, त्याचा टेम्पो सकाळी येतो संध्याकाळी जातो, आडवी येते ती फक्त तक्रार करणाऱ्याला.

हे मला उशिरा एका वकिलांनी सांगितलं : हद्द कुठलीही असो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८. हे कागदावर लिहून घेऊन जा, तोंडी सांगू नका. आणि ग्राहक आयोगात आता आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, विकणारा कुठलाही असू दे, ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं. आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा, नंबर मिळतो. मी तक्रार घातलीय, तारीख पडलीय.

एक चूक अजून झाली. खालची दोन बाथरूम मी रागाच्या भरात लगेच उघडून दुरुस्त करून घेतली, वायर बदलणं, आरसीसीबी, खरी २४ ची बटणं धरून ३१,५०० गेले ते वेगळेच. फोटो पाचच काढलेले. वकील म्हणाले, प्लेट तुमच्याच भिंतीतली होती कशावरून? काही काढायच्या आधी व्हिडिओ काढा, मीटरचं रीडिंग दिसेल असा, बिलासकट. आमच्या वरच्या बाथरूमची एमसीबी पाडून ठेवलीय, त्याच्या प्लेट्स अजून भिंतीत तशाच आहेत, आयोगाचा माणूस बघून जाईपर्यंत तिथे कुणाला हात लावू देत नाही, अप्पा रात्री बॅटरी घेऊन जातात.