टीपीचं सॉफ्टवेअर, 255 अक्षरं आणि नूतनीकरणाचं कोटेशन

आमच्या टीपी सॉफ्टवेअरच्या नूतनीकरणाचं कोटेशन आलं आणि डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसलो. टीपी म्हणजे ट्रान्सफर प्रायसिंग: एकाच ग्रुपमधल्या कंपन्यांचे परदेशी व्यवहार बाजारभावाने झाले, हे आयकर खात्याला दाखवायचं काम. नेहमीची वार्षिक वाढ होतीच, ती धरून चाललो होतो. पण तिच्याखाली एक नवी ओळ: ‘आयकर कायदा 2025 अद्ययावत पॅक’, पैसे वेगळे. म्हणजे सरकारने कलमांचे क्रमांक बदलले आणि त्याचं बिल आमच्या नावावर. त्या ओळीकडे पुन्हा येतोच.

सॉफ्टवेअरचं नाव देत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. टीपीचं काम करणाऱ्यांना ते ओळखू येईलच. कंपॅरेबल, म्हणजे तुलनेला घ्यायच्या कंपन्या शोधणं, फिल्टर लावणं, मार्जिन काढणं, टीपी स्टडीचा सांगाडा आणि 3सीईबीचे (सीएंच्या सहीने जाणाऱ्या अहवालाचे) तक्ते तयार करणं, एवढा त्याचा पसारा. आमची हिंजवडीतली कंपनी एका जर्मन ग्रुपची. सॉफ्टवेअर लिहायचं, सगळं मूळ कंपनीला विकायचं, खर्चावर ठरलेलं मार्जिन लावायचं. टीएनएमएम (निव्वळ मार्जिनची तुलना करायची पद्धत), ओपी बाय ओसी (कामकाजाचा नफा भागिले कामकाजाचा खर्च), बास. याहून सरळ केस मिळणं कठीण. तरी दरवर्षी मागच्या वर्षीच्याच स्टडीत साल बदलून सल्लागार जी फी लावायचे, तिच्या तिसऱ्या हिश्श्यात हे बसत होतं. 2023 च्या ऑक्टोबरच्या आधी घेतलं. 3सीईबीवरची सही बाहेरच्या सीएंचीच लागते, तेवढी फी राहिली.

पहिल्या हंगामातलं मत चांगलं होतं. सर्च भराभर होतो. पंचवीस टक्के आरपीटी (संबंधित पक्षांशी व्यवहार), पंच्याहत्तर टक्के निर्यात, पंचवीस टक्के कर्मचारी खर्च, सतत तोट्यातल्या कंपन्या बाहेर, हे फिल्टर दोन क्लिकमध्ये लागतात. टर्नओव्हर फिल्टर मात्र आपणच आठवणीने लावायचा, नाहीतर यादीत चक्क इन्फोसिस उभी. अग्निटीच्या केसमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 मध्येच इन्फोसिसला छोट्या कॅप्टिव्हच्या, म्हणजे फक्त स्वतःच्या ग्रुपसाठी काम करणाऱ्या कंपन्यांच्या, पंगतीतून उठवलं. हे सॉफ्टवेअर तिला दरवर्षी पुन्हा पाटावर बसवतं. फॉरेक्सचंही तसंच. विनिमय दरातला नफा-तोटा ते मुळातच नॉन-ऑपरेटिंग धरतं. ती व्याख्या सेफ हार्बरच्या (सरकारने ठरवलेलं मार्जिन दाखवलं की किंमत जशीच्या तशी मान्य, या योजनेच्या) नियमातली, म्हणजे 10टीएमधली. सेफ हार्बर न घेतलेल्यांच्या बाबतीत ट्रिब्युनलं निर्यातीच्या वसुलीवरचा फॉरेक्स बहुतेकदा ऑपरेटिंगच धरत आली आहेत. सेटिंग बदलता येतं, पण ते तिसऱ्या मेनूत लपवलेलं आहे.

आता एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य करतो. पर्सेंटाइल हे सॉफ्टवेअर बरोबर काढतं, आणि बाजारातले कित्येक जण अजून चुकीचं काढतात. कंपॅरेबलच्या मार्जिनांचा पस्तिसावा ते पासष्टावा पर्सेंटाइल ही मान्य रेंज, पण ती काढायचं नियम 10सीएचं गणित एक्सेलच्या पर्सेंटाइल फंक्शनसारखं चालत नाही. एक्सेल दोन आकड्यांच्या मधला आकडा काढतं. नियम सांगतो की आकडे चढत्या क्रमाने मांडा, पस्तीस टक्के आकडे ज्याच्याइतके किंवा ज्याच्याहून कमी आहेत असा पहिला आकडा उचला, आणि मोजणी नेमकी पूर्णांकात आली तरच पुढच्याशी सरासरी करा.

समजा सात कंपॅरेबल आहेत: 9.2, 11.4, 13.1, 14.8, 16.3, 19.7, 24.5. सातचे पस्तीस टक्के 2.45, म्हणून तिसरा आकडा, 13.1. पासष्टावा पर्सेंटाइल पाचवा आकडा, 16.3. मध्यक 14.8. एक्सेलला विचारा, खालची मर्यादा 13.27 सांगेल. आता तुमचं मार्जिन 13.2 असेल तर नियमाने तुम्ही रेंजमध्ये, विषय संपला. एक्सेलने तुम्ही बाहेर, आणि बाहेर गेलं की समायोजन, म्हणजे करपात्र उत्पन्नातली वाढ, खालच्या मर्यादेपर्यंत नाही, थेट मध्यकापर्यंत. खर्च 80 कोटी असेल तर 1.6 टक्क्यांचे 1 कोटी 28 लाख झाले. त्यावर कर. आणि प्राथमिक समायोजन एक कोटीच्या वर गेलं, कंपनीने ते मान्य केलं, तर कलम 92सीई मागे लागतं: नव्वद दिवसांत पैसे परदेशातून आणा, नाहीतर ती रक्कम उसनी दिली असं धरून व्याज मोजा, किंवा 18 टक्के जादा कर अधिक अधिभार भरून मोकळे व्हा. एका चुकीच्या फंक्शनपायी एवढं रामायण. इथे सॉफ्टवेअरला पूर्ण गुण. यादी सहा कंपन्यांच्या खाली गेली की रेंज सोडून सरासरी आणि तीन टक्क्यांपर्यंत फरक चालण्याच्या सवलतीवर ते स्वतःहून येतं, हेही बरोबर.

आता 255.

अ‍ॅक्सेप्ट-रिजेक्ट मॅट्रिक्स म्हणजे स्टडीचा जीव. कोणती कंपनी घेतली, कोणती नाकारली आणि का. स्क्रीनवर कारणाच्या रकान्यात हवं तेवढं लिहिता येतं, जतन होतं, पुन्हा उघडलं की पूर्ण दिसतं. एक्सपोर्ट केलं की प्रत्येक कारण 255 व्या अक्षराला कापलं जातं. इशारा नाही, शेवटी तीन टिंबं नाहीत, काही नाही. वाक्य मधेच संपतं आणि पुढची ओळ सुरू होते. शंभरावर ओळींच्या तक्त्यात अशा आठ-दहा ओळी नजरेला येतही नाहीत, कारण बहुतेक कारणं छोटीच असतात: निर्यात फिल्टरमध्ये नापास, आरपीटीमध्ये नापास. लांब कारणं असतात ती नेमकी वादाच्या कंपन्यांची.

2022-23 या आर्थिक वर्षाची आमची केस टीपीओंकडे, म्हणजे आयकर खात्याच्या ट्रान्सफर प्रायसिंग अधिकाऱ्यांकडे गेली. नोटिशीतला एक मुद्दा असा: तुमच्याच तक्त्यानुसार ही कंपनी सर्व फिल्टर पूर्ण करते, मग नाकारली का? तक्ता उघडला. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलेलं, त्याचा थोडक्यात अर्थ असा: ‘या कंपनीचा सॉफ्टवेअर सेवांचा व्यवसाय असून ती निर्यात, कर्मचारी खर्च व संबंधित पक्ष या सर्व निकषांत बसते, परंतु’. आणि पुढे कोरं. ‘परंतु’च्या पुढे होतं की कंपनी स्वतःची उत्पादनंही विकते आणि दोन्हींचे आकडे वेगवेगळे दिलेले नाहीत. नाकारण्याचं कारणच तेवढं होतं. टीपीओंची यात काही चूक नाही, मीही तेच विचारलं असतं. त्या कंपनीचं मार्जिन तिशीच्या घरात. ती आत आली असती तर सगळी रेंज वर सरकली असती.

हेल्पडेस्कला तिकीट टाकलं. उत्तर आलं, ‘सर, ही एक्सेलची मर्यादा आहे.’ एक्सेलच्या एका सेलमध्ये 32,767 अक्षरं मावतात. 255 ची मर्यादा आहे ती फॉर्म्युल्यात थेट लिहिलेल्या मजकुराला. तुम्ही मजकूर फॉर्म्युल्यातून नेता आणि नाव एक्सेलचं घेता, असं कळवलं. तिकीट ‘सोडवले’ म्हणून बंद झालं. पुन्हा उघडलं. मग फोन आला, मुलगा भला होता, म्हणाला, ‘सर, सध्या तुम्ही कारणं थोडक्यात लिहा ना.’ अरे बाबा, एसएपी लॅब्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं की आर्म्स लेंग्थ किंमत (परक्याशी व्यवहार केला असता तर ठरली असती ती) नियमांप्रमाणे ठरली का, हे उच्च न्यायालय तपासू शकतं, त्यात कंपॅरेबलची निवडही आली. निवडीवरून लोक तिथपर्यंत भांडताहेत, आणि मी कारण एका एसएमएसमध्ये बसवू? तो म्हणाला, ‘बरोबर आहे सर.’ प्रत्येक वाक्याला बरोबर आहे सर. दोष तसाच.

इथपर्यंत कोणी विचारलं असतं तर घेऊ नका म्हणालो असतो. मत बदललं ते त्याच नोटिशीच्या दुसऱ्या मुद्द्यावरून.

टीपीओंनी स्वतः नव्याने सर्च केला होता आणि त्यात आमच्या यादीत नसलेल्या कंपन्या आल्या होत्या. हे दरवर्षीचंच. आपला कागद 31 ऑक्टोबरला तयार असावा लागतो. खासगी कंपन्यांची सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत चालते, ताळेबंद त्यानंतर तीस दिवसांत दाखल होतात आणि डेटाबेसात त्याहून उशिरा दिसतात. म्हणजे आपण सर्च करतो तेव्हा चालू वर्षाचे आकडे अर्धवट असतात आणि अधिकारी करतात तेव्हा भरगच्च. नियम 10बी त्यांना तो नवा डेटा वापरू देतो. आपण ऑक्टोबरात नेमकं काय पाहिलं होतं, हे दाखवणं आपलं काम. पूर्वी सल्लागाराकडे हे मागितलं की ‘बॅकअप काढावा लागेल’ ऐकायला मिळायचं.

इथे या सॉफ्टवेअरने खरंच चकित केलं. प्रत्येक सर्चची तारीख-वेळेसह गोठवलेली प्रत त्यात असते: त्या दिवशी डेटाबेसात किती कंपन्या होत्या, कोणत्या फिल्टरला किती गळल्या, कोणाचे चालू वर्षाचे आकडे त्या दिवशी रिकामे होते. विकताना या सोयीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, रंगीत डॅशबोर्डच दाखवत बसले होते. अधिकाऱ्यांच्या पाच नव्या नावांपैकी तीन आमच्या ऑक्टोबरच्या प्रतीत होती आणि रकान्यात ‘वित्तीय माहिती अनुपलब्ध’. तेवढं पानच जोडलं.

याने वाद आपोआप जिंकता येत नाही, नवा डेटा वापरता येतो तो येतोच. पण दंडाच्या कलमात, 270ए मध्ये, सुटका आहे ती कलम 92डीखालची टीपीची कागदपत्रं नीट ठेवणाऱ्याला, व्यवहार जाहीर करणाऱ्याला आणि सगळी वस्तुस्थिती मांडणाऱ्याला. समायोजन झालं तरी अंडर-रिपोर्टिंगचा (उत्पन्न कमी दाखवल्याचा) दंड बसू नये, याची भिंत म्हणजे हा तारखेचा शिक्का. शिवाय 2023 पासून कागद सादर करायला तीस दिवसांऐवजी दहाच मिळतात. फार तर आणखी तीस, तेही अर्ज करून. दहा दिवसांत जुना सर्च हाताने उभा करणं कोणाला जमतं? इथे फोल्डर उघडला की झालं.

कापलेल्या कारणांसाठी आमच्या सीएबाईंनी साधा रस्ता काढला. स्क्रीनवरून पूर्ण मजकूर वर्डमध्ये उतरवला, प्रत्येक वादग्रस्त कंपनीला एक परिच्छेद, सोबत वार्षिक अहवालाचं पान. दोन संध्याकाळी गेल्या. आदेशात समायोजन शून्य आलं. सॉफ्टवेअरवाल्यांनी मात्र त्याच आठवड्यात मला ‘यशोगाथा’ लिहून देण्याची विनंती पाठवली. निर्लज्जपणालाही अपडेट येत असावेत.

आता त्या पॅकचं. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू, बरोबर. पण 2025-26 या आर्थिक वर्षाचं उत्पन्न 1961 च्या कायद्याखालीच येतं. येत्या ऑक्टोबरात जो अहवाल जाणार, त्यात 92ई (या अहवालाचं जुनं कलम) आणि 3सीईबीच असणार. नव्या कायद्याखालचं पहिलं वर्ष 2026-27, त्याचा अहवाल 2027 च्या हंगामात. मग हा पॅक 2026 मध्ये विकत घेऊन मी त्याचं लोणचं घालू? विक्रीवाल्या बाईंना हे लिहून विचारलं, तर उत्तर आलं, ‘सर, बहुतेक क्लायंट घेताहेत.’ घेताहेत म्हणजे कोटेशनच्या खालच्या ओळी कोणी वाचत नाही.

त्यात फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पाने वेगळाच पेच टाकला. आयटी सेवांसाठी सगळे प्रकार एकत्र करून 15.5 टक्के सेफ हार्बर आणि मर्यादा 300 कोटींवरून थेट 2,000 कोटी. आमच्या सीएफओंनी लगेच विचारलं, आता हे सॉफ्टवेअर कशाला? सेफ हार्बरमध्ये गेलं तरी 92डीचे कागद आणि 3सीईबी सुटत नाहीत, पण कंपॅरेबल शोधायचा खटाटोप वाचतो, हे खरं. दुसरीकडे एमएपीचं (दोन देशांच्या कर खात्यांनी आपसात बोलून दुहेरी कर मिटवण्याचं) दार बंद होतं, त्यामुळे तेच उत्पन्न जर्मनीतही करात धरलं गेलं तर दोन्हीकडे भरायचं. मूळ कंपनीचे टॅक्सवाले तेरा-चौदा टक्क्यांवरून साडेपंधरावर सुखासुखी येणार नाहीत. तो निर्णय तिकडे म्युनिकमध्ये होईल तेव्हा होईल.

तोवर माझं उत्तर असं गेलं: एकच युजर, दोन नकोत, पॅक नको, डॅशबोर्ड मॉड्यूल काढा, कोणी उघडत नाही, जुने गोठवलेले सर्च आठ वर्षं उघडता येतील हे करारात लेखी द्या, कारण करार संपला तर ते दिसतील का यावर आजवर सरळ उत्तर मिळालेलं नाही, आणि 255 चा दोष निघेपर्यंत वाढ लागू नाही. आठ वर्षं मुद्दाम लिहिली, नियम 10डीप्रमाणे कागद तेवढी वर्षं ठेवावेच लागतात. काल उत्तर आलं. वाढ मागे घेतली, पॅक काढला, आठ वर्षांचं ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’. आणि 255 च्या तिकिटाची स्थिती पुन्हा ‘सोडवले’. लेखी मिळाल्याशिवाय पीओ (खरेदीची ऑर्डर) काढणार नाही.