भिंतीवरची आवर्तसारणी: आकडे झकास, बाण फसवे

रसायनशास्त्र शिकवणाऱ्याला आवर्तसारणीच्या तक्त्यांचं फारसं अप्रूप नसतं. सगळीकडे तेच ११८ चौकोन आणि तेच भडक रंग. तरी हा नवा तक्ता घेतला, कारण यात प्रत्येक चौकोनाच्या तळाशी पहिल्या आयनीभवन ऊर्जेचा (अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा) आकडा आहे आणि शेजारी त्या आकड्याच्या प्रमाणात उंच अशी बारीक उभी पट्टी.

पैसे वसूल होतात ते या पट्टीमुळे. दुसऱ्या आवर्तावरून, म्हणजे दुसऱ्या आडव्या ओळीवरून, डावीकडून नजर फिरवा: लिथियम ५२०, बेरिलियम ९००, मग बोरॉन एकदम ८०१. पुढे कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२ आणि ऑक्सिजनला परत घसरण, १३१४. (सगळे आकडे किलोज्यूल प्रति मोल.) ‘आवर्तात डावीकडून उजवीकडे आयनीभवन ऊर्जा वाढते’ हे वाक्य घोकून आलेली मुलं इथे हटकून थांबतात आणि विचारतात, सर, हे चुकीचं छापलंय का? तिथून खरा तास सुरू होतो. इलेक्ट्रॉन ऑर्बिटल नावाच्या कप्प्यांत राहतात, त्यांना एस, पी, डी अशी नावं आहेत. बोरॉनचा सुटणारा इलेक्ट्रॉन २पी मधला, म्हणजे बेरिलियमच्या २एसपेक्षा वरच्या ऊर्जेवरचा, म्हणून लवकर सुटतो. ऑक्सिजनमध्ये एकाच पी ऑर्बिटलमध्ये दोघांना राहावं लागतं, ते एकमेकांना ढकलतात आणि त्यातला एक सहज बाहेर पडतो. एरवी हे सांगायला मला फळ्यावर आलेख काढावा लागतो.

तेराव्या गणातही (उभ्या रांगेतही) अशीच गंमत आहे. गणात खाली जाताना ऊर्जा कमी व्हायला हवी, पण ॲल्युमिनियम ५७८ आणि त्याच्याखाली गॅलियम ५७९! मधे ३डी चे दहा इलेक्ट्रॉन आले, पण केंद्रकाची ओढ अडवण्यात ते कच्चे, त्यामुळे बाहेरचा इलेक्ट्रॉन घट्ट धरलेला राहतो. दोन्ही पट्ट्या एकाखाली एक, जवळजवळ सारख्या उंचीच्या दिसतात.

आता तक्रारी. वरच्या मोकळ्या जागेत चार जाडजूड बाण छापले आहेत. विद्युतऋणतेचा (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेचा) बाण उजवीकडे वर जातो, ते ठीक, फ्लोरिन ३.९८ ला सगळ्यांत वर आहेच. पण बाणाचं टोक थेट हेलियमवर, बंधच न करणाऱ्या निष्क्रिय वायूवर, नेऊन टेकवायची काय गरज होती? इलेक्ट्रॉन ॲफिनिटीचा (अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला की बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा) बाणही तसाच वर चढवलाय. पण इलेक्ट्रॉन स्वीकारताना खालच्या क्लोरिनमधून ३४९ किलोज्यूल प्रति मोल बाहेर पडतात, वरच्या फ्लोरिनमधून ३२८च. फ्लोरिनचा अणू इतका छोटा की नव्या पाहुण्याला आत आधीच गर्दी. हे आकडे तक्त्यावर नाहीत, त्यामुळे बाण खोटा ठरवायची सोयच नाही.

त्याहून मोठी चूक अणुत्रिज्यांची. धातूंना धात्विक त्रिज्या (धातूतल्या शेजारी अणूंमधलं निम्मं अंतर), अधातूंना सहसंयुज (बंधाने जोडलेल्या अणूंमधलं निम्मं अंतर), निष्क्रिय वायूंना व्हॅन डर वाल्स त्रिज्या (बंध नसलेल्या, नुसत्या टेकलेल्या अणूंची) दिली आहे आणि खाली एका ओळीचाही खुलासा नाही. परिणामी निऑन फ्लोरिनच्या दुपटीहून मोठा दिसतो. वेगवेगळ्या मापांनी मोजलेल्या वस्तू एकाच रांगेत लावल्या, दुसरं काय! याउलट झिर्कोनियम १६० पिकोमीटर आणि त्याच्याखालचं हाफनियम १५९, हे बघून छपाईची चूक वाटेल, पण ते बरोबर आहे. मधल्या लँथॅनाइडांच्या (तक्त्याखाली वेगळी काढलेल्या लँथॅनम-गटातल्या मूलद्रव्यांच्या) ओळीत अणू आक्रसत येतो. आकार इतके सारखे, गुणधर्मही सारखे, म्हणून हाफनियम झिर्कोनियमच्या खनिजांत दडून बसलं ते थेट १९२३ पर्यंत. ते सालही चौकोनात आहे, भिंग लागेल एवढ्या अक्षरांत.

रंगांबद्दल एकच. हायड्रोजनला अल्कली धातूंचा रंग दिलाय, आणि त्याची १३१२ ची पट्टी लिथियमच्या डोक्यावर ताडमाड उभी राहून त्याच रंगाचा निषेध करते. वेगळा रंग द्यायला हवा होता. ११८ नंबरचं ओगानेसॉन मात्र करड्या रंगात ठेवलंय, गुणधर्म अजून तपासलेले नसताना निष्क्रिय वायूंच्या रंगात ढकललेलं नाही. हे आवडलं.

संज्ञेच्या अक्षरांच्या रंगावरून स्थायू, द्रव, वायू कळतं. सतराव्या गणात तो क्रम सुरेख उतरलाय: फ्लोरिन, क्लोरिन वायू, ब्रोमिन द्रव, आयोडिन स्थायू, रेणू मोठे होतात तशी त्यांच्यातली ओढ वाढते. पण ही अवस्था कुठल्या तापमानाची, ते लिहिलेलं नाही. सिझियम २८.५ अंशांना वितळतं, गॅलियम २९.८ ला. खोली तापली की हे दोन चौकोन चुकले.

कागद जाड, लॅमिनेशन चकाकत नाही, मागच्या बाकावरून संज्ञा वाचता येतात. घडी मात्र करू नका, वळ जात नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. पट्ट्यांसाठी जरूर घ्या, त्रिज्यांच्या आकड्यांवर प्रश्न काढू नका. इलेक्ट्रॉन ॲफिनिटीच्या बाणावर मी ‘क्लोरिन ३४९, फ्लोरिन ३२८’ अशी चिठ्ठी डकवली आहे.