वन बीएचकेमध्ये व्हीआर: हॉल मोकळा करायचा की खुर्चीत बसून खेळायचं?

आमचा हॉल दहा बाय चौदाचा. व्हीआर म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात शिरायचं. मेटाच्या क्वेस्टसारख्या हेडसेटवर चालत-फिरत खेळायला साधारण २ मीटर बाय २ मीटर, म्हणजे साडेसहा फुटांचा चौकोन मोकळा लागतो. टीपॉय बेडरूममध्ये नेला, सोफा भिंतीला सरकवला की तेवढी जागा निघते. पण वरही बघा! बीट सेबर, म्हणजे तालावर येणारे ठोकळे तलवारींनी कापायचा गेम, खेळताना मी हात उंच उगारला आणि कंट्रोलर थेट फिरत्या पंख्याला लागला. बोटाच्या पेरावर अजून व्रण आहे. हेडसेटमध्ये आखलेली सीमा भिंतीपासून सांभाळते, पंख्यापासून नाही. तेव्हापासून छताचा पंखा बंद, कोपऱ्यात टेबलफॅन. खाली राहणाऱ्यांचा विचार करून रात्री नऊनंतर उड्याही बंद.

दुसरा पर्याय फिरत्या खुर्चीचा. हात पसरता आले की झालं. रेसिंग आणि विमानांचे गेम तर बसूनच रंगतात. त्रास एकच: डोळ्यांना आपण चाललोय असं दिसतं, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला मात्र शरीर जागेवरच असल्याचं कळतं, म्हणून मळमळतं. सेटिंगमध्ये दृश्य सलग न फिरता टप्प्याटप्प्याने झटक्याने वळण्याचा पर्याय निवडला की बराच फरक पडतो.

गच्चीचा विचार दिवसा तरी करू नका; लेन्सवर ऊन पडलं तर आतला स्क्रीन जळतो.

रोजच्यासाठी मी खुर्चीच सांगेन. हॉलची खरी मजा रविवारी, घरच्यांना आधी सांगून. तेव्हा पायाखाली छोटी मॅट टाका. तिचा काठ पावलाला लागला की डोळे झाकलेले असतानाही आपण कडेला आलोय हे कळतं.