गाडीचं ऑइल: गॅरेजात की घरच्या आवारात?

मार्चचा शेवटचा रविवार आला की आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी एक काम ठरलेलं असतं. ऊन तापायच्या आत गाड्यांचं ऑइल बदलायचं. बायकोची ॲक्टिव्हा, माझी जुनी स्प्लेंडर आणि घरची स्विफ्ट. दुचाक्यांचं ऑइल गेली अकरा वर्षं मी स्वतः आवारातल्या निंबाखाली बदलतो. कारचं मात्र पैसे मोजून गॅरेजात करून घेतो. समोरच्या फ्लॅट स्कीममधल्या एका मुलानं परवा हे पाहिलं आणि विचारलं, "काका, मी पण घरीच करून पाहू का? पैसे वाचतील न?" तेव्हा हात ऑइलनं भरलेले होते, उत्तर अर्धवट दिलं. पूर्ण उत्तर हे आहे.

पैशाचं आधी उरकून घेतो, कारण तिथे वाटतं तेवढं काही नाही. ऑइलचा डबा तुम्ही आणा की मिस्त्रीनं आणो, किंमत जवळपास तीच. वाचते ती फक्त मजुरी. आमच्या भागात कोपऱ्यावरचा मिस्त्री दुचाकीचं नुसतं ऑइल बदलायचे ५० ते १०० रुपये घेतो. वर्षातून दोनदा धरलं तरी दोनशेच्या वर जात नाही. घरी करायचं तर गोटी पान्यांचा बरा सेट, पसरट टोपलं, नरसाळं आणि मिलीच्या खुणा असलेला मग लागतो. मला हे सगळं हजाराच्या आसपास पडलं. म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजाशी तुलना केली तर एका दुचाकीवर हत्यारांचे पैसे वसूल व्हायलाच निदान पाच वर्षं जातात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी तुलना केली तर लवकर वसूल होतात, पण तिथे धुणं, चेन, ब्रेक, हवा असं बरंच त्याच बिलात असतं. ते घरी कोण करणार, हा हिशेबही धरावा लागतो.

तरीही मी दुचाकीचं ऑइल घरीच बदलतो, आणि तुमच्याकडे जागा असेल तर तुम्हीही बदलावं असं मला मनापासून वाटतं. कारण पैशाचं नाही. इंजिनात काय गेलं आणि इंजिनातून काय निघालं, हे डोळ्यांनी पाहायला मिळतं.

आधी काय गेलं ते. सात-आठ वर्षांपूर्वी मी बाहेरगावी असताना बायकोनं स्कूटर रिंग रोडवरच्या एका गॅरेजात दिली होती. दोन दिवसांनी ती म्हणाली, "गाडी ओढत नाहीये आणि धूर येऊन राहिला." डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहायची दांडी, काढली तर ऑइल वरच्या खुणेच्या पार वर. एअर फिल्टरचा डबा उघडला, तर कागदी फिल्टर ऑइलनं चिंब. मिस्त्रीनं ९०० मिलीचा अख्खा डबा ओतला होता. तिच्या त्या मॉडेलला बदलताना ७०० मिलीच लागायचं, आणि आताच्या बीएस-६ ॲक्टिव्हाला तर ६५० मिली पुरतं. ऑइल जास्त झालं की इंजिनातला फिरता क्रँक ते घुसळत राहतो, फेस होतो, दाब वाढतो, आणि ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणाऱ्या, नळीतून एअर फिल्टरकडे येतं. त्या माणसाच्या मनात वाईट नव्हतं. डबा उघडला की संपवायचा, एवढीच त्याची सवय. पण नवा फिल्टर आम्हालाच घ्यावा लागला.

दुसरी गोष्ट ग्रेडची, म्हणजे ऑइल किती जाड-पातळ हे सांगणाऱ्या आकड्यांची. नागपुरात ती फार चालते. "भाऊ, आपल्या उन्हात पतलं ऑइल नाही चालत. २०डब्ल्यू-५० टाका, इंजिन लोण्यासारखं चालते." हे मी इतक्या गॅरेजांत ऐकलं आहे की काही काळ खरंच वाटायचं. मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो, तेव्हा ते पटतंही. पण ऑइलच्या डब्यावरचा दुसरा आकडा, म्हणजे १०डब्ल्यू-३० मधला ३०, हा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. तापलेल्या इंजिनातलं ऑइल त्याच्याच आसपास असतं, मग बाहेर ३० असो की ४५. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या स्टार्टसाठी असतो, आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली गेला तरी १०डब्ल्यूला तिथे काही अडचण नाही. हवेनं थंड होणाऱ्या दुचाकीच्या इंजिनाला उन्हाळा जास्त जाणवतो हे खरं, पण कंपनीनं ते धरूनच ग्रेड दिलेली असते. गाडीच्या पुस्तिकेत ग्रेडसमोर तापमानाचा तक्ता असेल तर तो पाहावा. तो नसेल तर लिहिलेली ग्रेडच घालावी. आजच्या बारीक फटींच्या इंजिनांत विनाकारण जाड ऑइल घातलं की ॲव्हरेज पडतो आणि सकाळी स्टार्ट केल्यावर ऑइल वर चढायला वेळ घेतं.

ग्रेडच्या शेजारी आणखी दोन अक्षरं असतात, त्यांच्याकडे गॅरेजातही फारसं कोणी पाहत नाही: जासो या जपानी मानकाचं एमए किंवा एमबी. गिअरच्या मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून तिला एमए किंवा एमए-२ लागतं. एमबी ऑइल जास्त निसरडं असतं, ते स्कूटरसाठी. स्कूटरचा क्लच कोरडा आणि वेगळा असतो. स्विफ्टचं उरलेलं अर्धा लिटर ऑइल स्प्लेंडरमध्ये ढकलण्याचा मोह होतो, तो टाळावा. क्लच सरकू शकतो आणि मग क्लच प्लेटांचा खर्च येतो.

आता काय निघालं ते, आणि माझ्यासाठी हेच मोठं आहे. जुनं ऑइल मी नेहमी खुणांच्या मगात ओतून मोजतो आणि वहीत लिहितो. स्प्लेंडरमध्ये ९०० मिली भरलं की ४,००० किलोमीटरनंतर साधारण ८५० परत यायचं. एके वर्षी ६०० आलं. खाली गळतीचा थेंब नाही, धूरही डोळ्यांना दिसेल असा नाही. पण ३०० मिली गेलं कुठे? इंजिन ऑइल खात होतं. व्हॉल्व्ह सील आणि पिस्टन रिंग वेळेत बदलल्या, सिलिंडर वाचला. गॅरेजात हेच ऑइल बोल्ट काढल्याबरोबर थेट काळ्या ड्रममध्ये गेलं असतं आणि कोणाला काही कळलं नसतं.

रंगाला घाबरू नका. ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं असं नाही, मळ धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. दोन बोटांत चोळून पाहा. कचकच लागली किंवा उन्हात धरल्यावर चंदेरी चमक दिसली, तर मिस्त्रीला दाखवायची वेळ आली. आणि दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग दिसला तर इंजिनात पाणी आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांतल्या पार्किंगमध्ये गाड्या बुडाल्या, तेव्हा असं ऑइल अनेकांनी पाहिलं. अशी गाडी स्टार्ट करू नका, आणि ऑइल घरी बदलून भागेल असंही समजू नका. ती टो करून गॅरेजातच न्यावी लागते.

घरी करण्यातला खरा धोका सांगितल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मी स्प्लेंडरचा ड्रेन बोल्ट घट्ट बसावा म्हणून लांब दांड्याच्या पान्यानं जोर लावला. बोल्ट आवळत गेला, आवळत गेला, आणि अचानक हाताला हलका लागला. चुडी गेली. बोल्ट लोखंडी आणि इंजिनचा खालचा भाग ॲल्युमिनियमचा, आटे तिथलेच जातात. नवी चुडी पाडायला साडेचारशे रुपये आणि दोन दिवस गेले. तेव्हापासून बोल्ट आधी बोटांनीच फिरवतो. चार-पाच आटे बोटांनी बसले तरच पाना लावतो, तोही आखूड दांड्याचा. वाशर दर वेळी नवी टाकतो, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे. वाशर जुनी, चपटी झालेली असली की थेंब गळतो, आणि थेंब थांबवायला माणूस जास्त आवळतो. माझं तेच झालं होतं.

वेळ सकाळी साडेसहाची बरी. गाडी तीन-चार मिनिटं स्टार्ट ठेवायची, मग दहा मिनिटं थांबायचं. ऑइल कोमट हवं, उकळतं नको, आणि सायलेन्सरला हात लागू द्यायचा नाही. सगळं धरून पाऊण तास.

कारचं गणित वेगळं. स्विफ्टला तीन-सव्वातीन लिटर ऑइल लागतं, फिल्टर बदलावाच लागतो, आणि चेंबरच्या बोल्टपर्यंत पोचायला गाडीखाली जावं लागतं. टायर बदलायचा जॅक त्यासाठी नसतो. त्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालणं म्हणजे जिवाशी खेळ, हे मी कोणालाही हात जोडून सांगेन. चांगले जॅक स्टँड घेऊन, सपाट फरशीवर, कोणी जवळ असताना करता येतं, पण वर्षातून एकदा होणाऱ्या कामासाठी हा पसारा मला पटत नाही. मारुतीचं ऑइल बदलायचं अंतर १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. गॅरेजात खड्डा असतो, लिफ्ट असते, आणि सुट्या ऑइल बदलाची मजुरी मला तीन-चारशे पडते. ते पैसे मी आनंदानं देतो.

पण तिथे उभा राहतो. ऑइल आणि फिल्टर स्वतः ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर नेतो, कारण रिकाम्या डब्यांत भलतंच ऑइल भरून विकण्याचा धंदा देशभर चालतो, आणि म्हणूनच आपला रिकामा डबा मी खिळ्यानं भोक पाडल्याशिवाय टाकत नाही. डब्याचं सील माझ्यासमोर तुटतं. जुना फिल्टर निघाला की त्याची रबर रिंग त्याच्यासोबत आली का ते पाहतो. ती इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर गाडी रस्त्यावर सगळं ऑइल सांडून मोकळी होते. मोजायचं पण मिस्त्रीला सांगतो: "भाऊ, ड्रममध्ये टाकायच्या आधी डब्यात घ्या." बहुतेक जण हसतात आणि घेतात.

गाडी वॉरंटीत असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवा. फ्री सर्व्हिसला मजुरी नसतेच, फक्त ऑइलचे पैसे, आणि पुस्तिकेतला शिक्का उद्या दाव्याच्या वेळी लागतो.

किती दिवसांनी बदलायचं, यावरही गॅरेज आणि घर यांत फरक पडतो. कोपऱ्यावर "दोन हजारला बदला" सांगतात. माझ्या स्प्लेंडरची पुस्तिका ६,००० ला बदल सांगते, मध्ये पातळी पाहून भरायचं. मी ४,००० ला बदलतो. मानेवाडा ते सीताबर्डी एवढ्याशा फेऱ्यांत इंजिन नीट तापायच्या आत आपण पोचतो, ऑइलातली ओल आणि पेट्रोल उडून जात नाही, आणि वर रस्त्यांच्या कामांची धूळ. दोन हजारला बदलणं म्हणजे मात्र चांगलं ऑइल फेकणं.

शेवटी जळकं ऑइल, आणि माझ्या मते घरी करायचं की नाही हे यावरच ठरवावं. वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा होऊन पुन्हा वापरात येण्याची जबाबदारी ऑइल कंपन्यांवरही आली आहे. गॅरेजातला ड्रम विकला जातो, त्यातून शुद्ध करून पुन्हा ऑइल निघतं. घरच्या नालीत ओतलेलं ऑइल नाग नदीत जातं, नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. तिथलं पाणी पिणारे, मासे धरणारे लोक आपल्याला दिसत नाहीत, म्हणून ते नाहीत असं होत नाही. अंगणात वाळवीसाठी ओतायची जुनी पद्धतही सोडावी, खाली आपलीच विहीर, आपलंच बोअर असतं. मी जुन्या डब्यात भरून, झाकण लावून, कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला नेऊन देतो. त्याला ड्रममध्ये मोल आहे, तो खुशीनं घेतो. असा घेणारा तुम्हाला सापडत नसेल, तर घरी करू नका, गॅरेजातच करा.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. तिसऱ्या माळ्यावर राहतो, पार्किंग टाइल्सची आणि सगळ्यांची, तिथे ऑइल सांडलं तर सोसायटीत भांडण. मी म्हटलं, गाडी आमच्या आवारात आण. रविवारी सकाळी तो त्याची स्कूटर घेऊन आला. बोल्ट त्यानंच काढला, मगात मोजलं, ६२० मिली निघालं. नवं ६५० ओतून डिपस्टिक पाहिली, बरोबर वरच्या खुणेच्या किंचित खाली. मग जळक्या ऑइलचा डबा दोन्ही पायांत धरून तो हळू गाडी चालवत मिस्त्रीच्या दुकानाकडे गेला.