सदरमधलं जुन्या वस्तूंचं दुकान: माल भारी, लेबलं जपून वाचा

चिनी मातीच्या जुन्या बाटल्या, फुलदाण्या बघायच्या तर दुकान मस्त आहे, मालक हातात घेऊन उलटं करून बघू देतात अन् खरी मजा बुडाशीच असते राजेहो! एका निळ्या-पांढऱ्या फुलदाणीवर लेबल ‘मिंग’ अन् बुडावर छापलंय ‘मेड इन चायना’. आता चीनचं मिंग राजघराणं १६४४ मध्ये संपलं, अन् मालावर इंग्रजीत देशाचं नाव टाकणं सुरू झालं ते अमेरिकेच्या १८९० च्या कायद्यानंतर. बरं, चिनी अक्षरातला बादशहाचा शिक्का असला तरी लगेच भाळू नका, जुने शिक्के नंतरचे कारागीर सर्रास मारायचे. जपानी साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली मात्र झकास, बारीक मान, गरम पाण्यात उभी करून साके कोमट करायची. भाव चढे, घासाघीस चालते. पॅकिंग रद्दी पेपरात, एकदम बेकार.