कॅशफ्लो बोर्डगेम : सात-आठ महिने खेळल्यानंतरचा अनुभव (पत्रकाचं पॅड तपासून घ्या!)

हे लिहायला निमित्त भांडणाचं झालं, म्हणून आधी तेच सांगते. धाकट्या बहिणीच्या मुलांसाठी मी कॅशफ्लोचा दुसरा संच ऑनलाइन मागवला. डबा आला. नोटा, कार्डं, फासे, प्लास्टिकचे उंदीर सगळं जागच्या जागी. फक्त खेळाडूंनी भरायच्या पत्रकांचं पॅड नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "मॅडम, मेन बोर्ड तर आहे ना? कागद काय, घरातलाही चालतो." परतीची मुदत संपेपर्यंत आज-उद्या करत मला झुलवलं आणि शेवटी थोडे पैसे परत टाकून तक्रार परस्पर बंद केली. पैशांचं मला तेवढं वाटलं नाही. राग आला तो "कागद काय" या दोन शब्दांचा. या खेळात शिकण्यासारखं जे काही आहे, ते जवळजवळ सगळं त्या कागदात आहे. बोर्ड हरवला तर फरशीवर खडूने चौकटी आखून खेळता येईल. पत्रक नसेल तर उरतो तो महागडा लुडो.

खेळ कसा असतो ते बहुतेकांना माहीत असेल. 'रिच डॅड पुअर डॅड' या पुस्तकाचे लेखक रॉबर्ट कियोसाकी यांनी १९९६ मध्ये आणलेला, आतल्या वर्तुळात उंदरांची शर्यत, म्हणजे पगार आणि खर्चाचं न संपणारं चक्र, बाहेरच्या वर्तुळात श्रीमंतांचा मार्ग, वगैरे. काम न करता, बसल्या जागी येणारं उत्पन्न (घरभाडं वगैरे) महिन्याच्या खर्चाच्या वर गेलं की आतून बाहेर पडायचं. नियमांचे व्हिडिओ भरपूर आहेत, त्यात मी शिरत नाही. माझा प्रश्न एवढाच होता की घरातल्या मुलांना यातून पैशाचं खरोखर काही कळतं का. आमच्याकडे खेळायला नववीतली मुलगी, अकरावी कॉमर्सचा भाचा, मिस्टर आणि साखर कारखान्यातून निवृत्त झालेले सासरे, म्हणजे अण्णा. मी स्वतः एका पतसंस्थेत कर्ज विभागाला आहे, त्यामुळे माझं लक्ष कुठे जाणार हे उघड आहे.

तर पत्रक. एका पानावर चार खण. वर उत्पन्न, त्याखाली खर्च, खाली एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी. सुरुवातीला तुम्हाला एका व्यवसायाचं कार्ड मिळतं आणि त्यावरचे आकडे स्वतःच्या हाताने पत्रकात उतरवायचे. प्रत्येक खरेदी, विक्री, मूल, कर्ज झालं की खाडाखोड करून नवी बेरीज मांडायची, आणि शेजारी बसलेला खेळाडू ऑडिटर म्हणून ती तपासतो.

आमच्या कर्जअर्जावर थोड्याफार फरकाने हेच चार खण आहेत. काउंटरवर रोज विचारावं लागतं, "घरखर्च किती?" समोरून उत्तर येतं, "होत असेल की वीस-पंचवीस." पगार रुपयापर्यंत तोंडपाठ, खर्च मात्र पाच हजारांच्या अंतराने. चांगले शिकलेले, दोन-दोन गाड्या दारात असलेले लोक हे उत्तर देतात. माझ्या मुलीने तिसऱ्या-चौथ्या डावानंतर आमच्या घराचं पत्रक मागितलं. "आई, आपलं इथे काय लिहायचं?" असं विचारत तिने खर्चाच्या खणात विजेचं बिल, दूध, आजोबांची औषधं लिहिली आणि देण्यांच्या खणात गृहकर्जाची शिल्लक. एकही व्याख्यान न देता मुलगी तिथवर आली, याचं श्रेय मी पूर्णपणे या खेळाला देते.

आकडेही विचार करून ठेवलेत. डॉक्टरचा पगार १३,२०० डॉलर आणि खर्च ९,६५०, हातात उरतात ३,५५०. सफाई कामगाराचा पगार १,६०० आणि खर्च ९५०, उरतात ६५०. पहिल्या डावात मिस्टरांना डॉक्टर आला, ते खूश. अण्णांना सफाई कामगार. भाच्याने लगेच जाहीर केलं की आजोबा हरले. पण बाहेर पडायला डॉक्टरला ९,६५० डॉलरचं दुसरं उत्पन्न लागतं, सफाई कामगाराला फक्त ९५०. अण्णांनी कर्ज घेतलं नाही, नोटा मांडीखाली धरून बसले, एक लहान घर, मग दुसरं असं जमवत गेले आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडले. भाचा पत्रक हातात घेऊन दोनदा बेरीज तपासत होता. पगार मोठा म्हणजे सुटका जवळ, हे त्याच्या डोक्यातलं समीकरण त्या संध्याकाळी मोडलं. वर्गात फळ्यावर शिकवून हे मोडलं असतं असं मला वाटत नाही.

कर्जाचा नियमही मला आधी अतिशय आवडला होता. बँकेकडून हजाराच्या पटीत उचल मिळते आणि दर हजाराला महिन्याला १०० डॉलर द्यावे लागतात. मुद्दल तसंच राहतं. मुलीने एकदा ३,००० डॉलर उचलून एक घर घेतलं, महिना १६० डॉलर देणारं. मालमत्तेच्या खणात घर आलं, चेहरा खुलला. मग शेजारच्या ऑडिटरने खर्चाच्या खणात ३०० लिहायला लावले. १६० येणार, ३०० जाणार. घर घेऊन ती दर महिन्याला १४० ने खाली गेली होती. दोन फेऱ्यांनंतर तिने आपणहून मुद्दल फेडायला सुरुवात केली. 'घेतलं' आणि 'परवडलं' यातला फरक कळायला आमच्याकडच्या अनेक कर्जदारांना दोन-तीन वर्षांची थकबाकी लागते.

त्या टप्प्यावर मी या खेळाला साडेचार तारे दिले असते. दिवाळीच्या सुट्टीत रोज डाव पडायला लागले आणि ते तीनवर आले. कारणं सांगते.

पहिलं कारण हाच कर्जाचा नियम. महिना दहा टक्के म्हणजे वर्षाला १२० टक्के. हा सावकाराचा दर झाला, आणि असल्या सावकारीला चाप लावायला आपल्याकडे २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. मुलांच्या डोक्यात मात्र बसतं की बँक म्हणजे हाच दर आणि कर्ज म्हणजे एकाच प्रकारचं कर्ज. प्रत्यक्षात गृहकर्ज एका दराने, सोनेतारण दुसऱ्या दराने, आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांनी, म्हणजे वर्षाला ४२ टक्क्यांच्या घरात. कुठलं कर्ज आधी फेडायचं हा संसारातला खरा प्रश्न, आणि हा नियम तो विचारूच देत नाही.

दुसरं, घरांची कार्डं. थोडे पैसे भरून घर घ्या, बँकेचा हप्ता जाऊन वर भाडं उरेल, असं कार्डामागून कार्ड येतं. हे अमेरिकेतलं गणित आहे. आमच्या सांगलीकडे पन्नास लाखांचा फ्लॅट घेतला, त्यातले चाळीस लाख साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी उचलले, तर हप्ता बसतो सुमारे ३४,७०० रुपये. तेवढ्या फ्लॅटला पंधरा हजार भाडं आलं तरी मालक नशीब समजतो. भाडेकरू हप्ता फेडेल हा हिशेब इथे बसत नाही, आणि हा खेळ खेळून एखादा पोरगा नोकरी लागल्यावर 'इन्व्हेस्टमेंट'साठी दुसरा फ्लॅट बुक करायला निघाला तर मला धडकी भरेल. खेळायला बसण्याआधी मोठ्यांनी हे मुलांना स्पष्ट सांगायलाच हवं.

तिसरं सगळ्यांत घातक, ते म्हणजे शेअर. खेळातले शेअर पाच डॉलरला मिळतात, कधी एक डॉलरलाही, आणि गठ्ठ्यात कुठेतरी तीस-चाळीसचं कार्ड असतंच. भाच्याने हे दोन-तीन डावांत ओळखलं. त्यानंतर तो पहिल्या स्वस्त कार्डावर सगळे पैसे ओतून गप्प बसायचा आणि बहुतेक वेळा जिंकायचा. जिंकला याचं दुःख नाही. पण पडलेला शेअर थांबलं की वर येतोच, हे तो शिकला. मी त्याला डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं उदाहरण दिलं. २०२१ मध्ये ती कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेतून नव्या मालकाकडे गेली तेव्हा जुन्या भागधारकांना एक पैसाही मिळाला नाही आणि शेअर बाजारातून काढून टाकले गेले. स्वस्त मिळतोय म्हणून शेवटच्या महिन्यांत घेणारे लोक होतेच. खेळाच्या गठ्ठ्यात असं एकही कार्ड नाही.

आणि चौथी उणीव अशी, की तिला नियम बदलून औषध नाही. या खेळात महिने आहेत, वर्षं नाहीत. तीन तास खेळून तुम्ही जेमतेम तीन वर्षांचे पगार घेता. चक्रवाढ दिसायला लागते ती त्यानंतर. पीपीएफ या पंधरा वर्षांच्या सरकारी बचत योजनेचं उदाहरण मी पत्रकाच्या मागे मुलीकडून सोडवून घेतलं. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला दीड लाख, दर ७.१ टक्के, जो एप्रिल २०२० पासून तोच आहे आणि पुढेही तोच धरला. पंधरा वर्षांत भरले २२.५ लाख, हातात आले ४०.६८ लाख. आता गंमत बघा : पहिल्या पाच वर्षांत व्याज मिळालं पावणेदोन लाखांच्या आसपास, आणि शेवटच्या पाच वर्षांत १०.८८ लाख. वर्षाला भरलेली रक्कम तीच. मुलीने तो आकडा कॅल्क्युलेटरवर पुन्हा करून पाहिला. हे कुठलाही बोर्डगेम दाखवू शकत नाही, कारण डावात सगळ्यांना लवकर जिंकायचं असतं आणि इथे फळ मिळतं ते धीर धरून थांबण्याचं. सगळे पैसे गुंतवणुकीत घाला, रोख मेलेली, असाच या खेळाचा एकंदर सूर आहे. अण्णांसारखा माणूस मुदत ठेव मोडत नाही, त्याला हे पटणार नाही आणि पटूही नये.

इथे 'मग आपला जुना व्यापारचा डाव काय वाईट' असं म्हणणारे येतील. व्यापार आणि मोनोपॉली आम्हीही खेळतो. मोनोपॉलीचं मूळ १९०४ मध्ये लिझी मॅगी या बाईंनी पेटंट घेतलेल्या खेळात आहे, आणि त्यांना दाखवायचं होतं की जमीनमालक कसे फुगतात आणि भाडेकरू कसे पिचतात. १९३५ पासून पार्कर ब्रदर्सनी तो खेळ विकला तेव्हा लोकांनी त्यात नेमकी मालक व्हायची हौस भागवली. तरी त्यातला तारणाचा नियम उत्तम आहे : जागा गहाण टाकली की निम्मी किंमत मिळते, गहाण असेपर्यंत भाडं बंद, सोडवायची तर दहा टक्के जास्त. हातात रोख नसलेला मालक कसा सापडतो, हे मुलांना तिथे फार चांगलं कळतं. पण व्यापारात पत्रक नाही. नोटांचा गठ्ठा जाड की पातळ एवढंच बघितलं जातं, महिन्याला येतं किती आणि जातं किती हा प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून सगळ्या तक्रारी धरूनही माझं मत कॅशफ्लोच्या बाजूनेच आहे.

आता आम्ही घरचे नियम लावून खेळतो आणि माझे तारे पुन्हा चारवर आलेत. उचलीचे तीन प्रकार केले : घरासाठी दर हजाराला महिना १० डॉलर, सोनं दाखवलं तर १५, नुसत्या कार्डावर ४०. दर खरे नाहीत, मुलांना गुणाकार सोपा जावा म्हणून धरलेत, पण क्रम खरा आहे. एक डॉलरच्या शेअरमागे फासा टाकायचा, एक पडला तर कंपनी बुडाली, पत्रकावर काट मारायची. भाच्याचा डाव त्या दिवसापासून बदलला, तो आता पैसे दोन-तीन ठिकाणी विभागतो. घरांच्या कार्डांवरचं भाडं आम्ही निम्मं केलं. आणि ठराविक फेऱ्या झाल्या की सगळ्यांच्या 'इतर खर्च' या ओळीत दहा टक्के वाढवायचे, महागाई म्हणून. हा नियम सगळ्यांना नकोसा आहे आणि मी तो काढणार नाही.

नोकरी गेल्याचा चौकोन मात्र जसा आहे तसाच ठेवलाय, तो लाखमोलाचा आहे. त्यावर पडलं की महिन्याचा पूर्ण खर्च एकरकमी भरायचा आणि काही खेळ्या गमवायच्या. मिस्टर डॉक्टर असताना त्यावर आले, ९,६५० डॉलर द्यायचे आणि हातात दोन हजारही नाहीत, सगळं गुंतवलेलं. तीन-चार महिन्यांचा खर्च बाजूला का ठेवायचा, हे त्यानंतर घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

विकत घ्यावा का? मुलं आठवीच्या पुढची असतील आणि घरातला एक मोठा माणूस प्रत्येक डावाला बसणार असेल तर जरूर घ्या. मुलांच्या हाती देऊन मोकळं होणार असाल तर नको, चुकीचं शिकतील. कार्डं इंग्रजीत आहेत, आम्ही अण्णांसाठी पाठीमागे पेन्सिलीने मराठीत लिहून ठेवली. एवढे पैसे घालायचे नसतील तर कुणाच्या घरी असलेला डाव उसना आणा आणि पत्रक झेरॉक्स करून घ्या. डबा उघडताना व्हिडिओ काढा आणि पॅड आहे का ते सगळ्यांत आधी बघा. बहिणीला मी आमच्या पत्रकाच्या प्रती काढून पाठवल्या आहेत, दुकानदाराने पानाला दोन रुपये घेतले. कागद मोठा, ए-फोरच घ्या. लहान कागदावर देण्यांचा खण आखडतो आणि मुलं नेमकं तिथेच लिहायचं टाळतात.

आरोग्यविम्याचं कार्ड मात्र अजून जमलेलं नाही. प्रीमियम दर पगाराला कापायचा की डाव सुरू होतानाच एकदा घ्यायचा, यावर अण्णा आणि भाचा अडून बसलेत. कुणी करून पाहिलं असेल तर नियम कसा ठेवलात ते सांगा.