वसईतली सिस्टरांची मराठी शाळा : मुलीचं पहिलीचं वर्ष संपताना

मुलीला वसई पश्चिमेच्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत, मराठी माध्यमात, घातलं त्याला आता वर्ष होत आलं. प्रवेश घेण्याआधी मी असा एखादा सविस्तर अनुभव शोधत होतो. मिळाली ती दोन टोकांची मतं : ‘शिस्त एकदम छान’ नाहीतर ‘तिकडे घालू नका, धर्म शिकवतात’. दोन्ही मतं देणाऱ्यांपैकी कुणाचं मूल तिथे शिकलेलं नव्हतं. शाळेचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

आधी कोरडी माहिती. शाळा अनुदानित आहे. शिकवण्याची फी नाही, बालभारतीची पुस्तकं फुकट, दुपारी शालेय पोषण आहार. मुख्याध्यापिका सिस्टर आहेत. बाकीच्या बाई रोज घरून येणाऱ्या, आणि सगळ्या ख्रिस्ती नाहीत. वर्गात निम्म्याच्या आसपास मुलं ख्रिस्ती, त्यातली बरीचशी सामवेदी (इथला एक स्थानिक समाज) वाडीवाल्यांची. बाकी वाडवळ, आगरी, वाड्यांवर मजुरीला येणाऱ्या वारली कुटुंबांतली, आणि आमच्यासारखी, मुंबईतली खोली विकून वसईत फ्लॅट घेतलेल्यांची. ‘कॉन्व्हेंट म्हणजे इंग्रजी’ असं डोक्यात असेल तर काढून टाका. प्रार्थना मराठीत, सूचना मराठीत, सिस्टरांचं रागावणंही मराठीत. इथल्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य उपासनाविधी, सुद्धा मराठीतच होते. इथलेच धर्मगुरू आणि मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा माझ्या ऑफिसात लोकांना मोठं नवल वाटलं होतं. वसईत आल्यावर कळलं, इथे ते नवल कुणालाच नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. या शाळेत मुलं नम्रता शिकतात, पण तिचा वेगळा तास नसतो. भिंतीवर सुविचार आहेत, पण ते कुठल्या शाळेत नसतात? इथली खुबी वेगळी आहे आणि ती कळायला मला सप्टेंबर उजाडला. ही शाळा माणसाला मागायला लावते. आणि ज्याला मागावं लागतं त्याच्याकडे उद्या कुणीतरी मागायला येतंच.

८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिवस. त्याआधीचे नऊ दिवस नोव्हेना असते आणि मुलं रोज फुलं नेतात. डायरीत चिठ्ठी आली : फुलं विकत आणू नयेत, दारातली आणावीत, दारात नसतील तर शेजाऱ्यांकडे मागावीत. आमच्या तिसऱ्या मजल्यावर तुळस आणि मनीप्लँट. स्टेशनबाहेर वीस रुपयांत काम झालं असतं, पण मुलगी ऐकेना, ‘सिस्टरनी मागायला सांगितलंय.’ मग तिला घेऊन समोरच्या वाडीत गेलो. त्या वाडीवरून मी रोज सकाळी लोकल पकडायला धावतो. आत कोण राहतं हे मला ठाऊक नव्हतं. आत एक मावशी होत्या. त्यांनी जास्वंदी दिल्या, वर अनंताची दोन फुलं दिली, आणि लगेच स्वतःचा मोबाइल माझ्या हातात ठेवला : गॅसचं बुकिंग होत नाहीये, बघ जरा. नऊ दिवस हे चाललं. आता त्यांच्याकडचे सगळे ओटीपी माझ्या वाट्याला आणि राजेळी केळ्यांची फणी आमच्या वाट्याला.

लालबागला चाळीत वाढलेल्या माणसाला साखरेची वाटी मागायची लाज नसते. फ्लॅटमध्ये आलो आणि ती कधी चिकटली कळलंच नाही. दहा मिनिटांत सगळं घरपोच येत असेल तर शेजाऱ्याची बेल वाजवायची कशाला?

शाळेत फुलं एकाच टोपलीत जातात. कुणाचा मोगरा, कुणाची कुंपणावरची कोरांटी, टोपलीत गेल्यावर कुणाचं काय ते उरत नाही. ज्यांना मूर्तीपुढे फुलं वाहायची नाहीत त्यांची फुलं वर्गातल्या तांब्यात ठेवतात. एकाही मुलाला यावरून काही ऐकावं लागलं, असं माझ्या कानावर आलं नाही.

झाडलोट. हा मुद्दा पालकांमध्ये सगळ्यात जास्त चघळला गेला. शाळा सुटण्याआधी वर्ग मुलं झाडतात, फळा पुसतात, बाकं सरळ करतात. (स्वच्छतागृह मुलांकडे नाही, त्यासाठी सफाईच्या बाई आहेत.) ‘आम्ही पोरांना झाडू मारायला पाठवतो का?’ असं एका वडिलांनी सभेत विचारलं. मी माझ्या वडिलांच्या तोंडून गावातल्या शाळेच्या गोष्टी ऐकल्यात. तिथे वर्ग कोण झाडणार हे मास्तरांना न विचारताही सगळ्यांना माहीत असायचं, आणि पाण्याच्या माठाला हात कुणी लावायचा नाही हेही. इथे पाळी हजेरीच्या क्रमाने येते. मुलगा-मुलगी, वाडीमालकाचा नातू आणि त्याच वाडीवरच्या मजुराची मुलगी, क्रमांक आला की झाडू हातात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. श्रमाचं मोल वगैरे भाषण देऊन जे होत नाही ते हजेरीपटाने होतं. शिवाय सिस्टर स्वतः सकाळी व्हरांडा झाडताना दिसतात. कुणी बघतंय म्हणून नव्हे, मी उशिरा आलेल्या दिवशीही आणि फार लवकर आलेल्या दिवशीही पाहिलंय.

खिचडीचंही तसंच. सरकारी योजनेत प्राथमिकच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम तांदूळ आणि ४५० कॅलरी असा हिशेब आहे, आणि मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यायची असते. इथे बाई चव घेऊन थांबत नाहीत, ताटलीच घेऊन पंगतीत बसतात. आम्ही सुरुवातीला डबा द्यायचो. दिवाळीनंतर डबा भरलेलाच परत यायला लागला. चौकशी केली तर उत्तर मिळालं की डबा आणणाऱ्यांना पंगतीत वाढायला मिळत नाही. वाढदिवसाला चॉकलेट वाटायला बंदी आहे. ज्याचा वाढदिवस तो त्या दिवशी पंगतीत वाढतो. आमच्या घरात सध्या दर रविवारी पंगत बसते आणि बाबांना आमटी कमी मिळते.

गणवेशाचं कपाट ही माझी सगळ्यात आवडती सोय. आखूड झालेले गणवेश धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवायचे. कुलूप नाही, वही नाही, नाव लिहायचं नाही. ज्याला हवा त्याने न्यावा. पहिल्या महिन्यात ‘हे गरिबांसाठी’ असं समजून बरेच पालक तिकडे फिरकायचे नाहीत. मग एका शिक्षिकेने स्वतःच्या मुलाला तिथला शर्ट घातला आणि ती अडचण संपली.

उपवासकाळात, म्हणजे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, दर शुक्रवारी मूठभर तांदूळ न्यायचे. मूठ मुलाची, बापाची नाही, हे सिस्टरांनी बजावून सांगितलं होतं. त्यामुळे कुणी किलोची पिशवी मिरवत आणू शकत नाही. आणि ज्यांच्या घरी रेशनचाच तांदूळ असतो त्यांची मूठही बाकीच्यांएवढीच असते. गोणी भरली की ती धर्मग्रामातल्या (म्हणजे इथल्या चर्चच्या हद्दीतल्या) व्हिन्सेंट डी पॉल संस्थेकडे जाते. पॅरिसमध्ये १८३३ साली काही तरुण विद्यार्थ्यांनी सुरू केलेली ही संस्था. गरजू घरी जाऊन मदत द्यायची, बोभाटा करायचा नाही, अशी तिची पद्धत. त्या तांदळातला काही भाग आमच्याच वर्गातल्या एका घरी पोचला, हे मला बऱ्याच दिवसांनी आणि भलतीकडून कळलं. शाळेने फलक लावला नाही, ग्रुपवर फोटो टाकला नाही.

आता धर्माचं, कारण नातेवाईकांचा पहिला प्रश्न तोच असतो. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. प्रवेशाच्या वेळी आम्हाला हे विचारलं गेलं. ख्रिस्ती मुलं धर्मशिक्षणाला बसतात, बाकीची मूल्यशिक्षणाला. सकाळी राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका आणि एक प्रार्थना. कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांसाठी सूचना काढल्या, त्यांतही रोज प्रास्ताविका म्हणावी आणि इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत असं आहे. तरी वातावरण ख्रिस्ती आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. नाताळात येशूजन्माचा गोठा बांधतात, येशूच्या गोष्टी सांगतात. मुलगी घरी आली ती गोन्सालो गार्सियाची गोष्ट घेऊन : वसईत जन्मलेला, व्यापार सोडून फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्यासी संघात गेला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ मध्ये संत झाला. तिला त्याच्या मरणापेक्षा एवढंच महत्त्वाचं वाटलं होतं की तो फादर नव्हता, साधा ब्रदर होता, आणि जपानी यायचं म्हणून बाकीच्यांसाठी दुभाषा व्हायचा. ‘बाबा, तो दुसऱ्यांचं बोलणं सांगायचा.’ आमच्या घरी गणपती बसतो, त्याच्या आरतीत काही फरक पडलेला नाही. आजीला एवढंच खुपतं की नातीला ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ पाठ आहे आणि मनाचे श्लोक नाहीत. त्याला शाळा जबाबदार नाही, मनाचे श्लोक आम्हालाही चारच येतात.

एवढं कौतुक झालं, आता जे खटकतं ते. वर्गात मुलं चाळिशीपार आहेत. शिक्षणहक्क कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे, पण अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या कायद्यातून वगळलं. शिक्षकाची एक जागा रिकामी आहे, दोन तुकड्यांना अधूनमधून एकत्र बसवतात. सभेत मी विचारलं, ही जागा कधी भरणार? सभा गप्प. सिस्टर हसून म्हणाल्या, ‘प्रयत्न चालू आहेत, आपण सगळे सांभाळून घेऊ.’ बाहेर आल्यावर दोन-तीन पालकांनी हळूच सांगितलं, बरं केलंत विचारलंत. आत का नाही बोललात? ‘सिस्टरना कसं विचारायचं?’ पावसाळ्यात मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी तुटली ती नाताळपर्यंत तशीच होती. ज्या पालकांना कपाटातून शर्ट न्यायला, वाडीत जाऊन फुलं मागायला शाळेने शिकवलं, त्यांना शाळेकडेच काही मागायचं म्हटलं की जीभ उचलत नाही. सिस्टर इतकं राबतात की त्यांना प्रश्न विचारणं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. शाळेलाही ते सोयीचं पडत असावं.

हे मुलांमध्येही उतरतं, आणि ते मला जास्त लागतं. दुसऱ्या सत्राच्या भेटीत बाई म्हणाल्या, ‘फार गुणी आहे, कधी काही विचारत नाही.’ त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. घरी तपासलं तर दशक-एकक तिला कळलेलंच नव्हतं. शेजारणीच्या वहीतून बघून उत्तरं बरोबर येत होती. बाईंना का नाही विचारलंस? ‘बाई दमलेल्या असतात.’ सहा वर्षांच्या मुलीने बाईंच्या थकव्याचा विचार करावा याचं मला कौतुक वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. ही गोष्ट मी बाईंना लिहून कळवली, त्यांनी मनावर घेतली, आणि आता शनिवारी ‘न कळलेलं विचारायचं’ अशी पंधरा मिनिटं ठेवतात. पहिल्या शनिवारी कुणीच हात वर केला नाही म्हणे. नंतर सुरू झालं.

शेवटची शंका सिस्टरांच्या बदलीची. सिस्टरांच्या धर्मसंघाच्या नियमाने त्या काही वर्षांनी दुसरीकडे जातात. कपाट, पंगत, मूठभर तांदूळ यांतलं किती शाळेचं आणि किती या एका बाईचं, हे नव्या मुख्याध्यापिका आल्यावरच दिसेल. इंग्रजी यथातथाच आहे, ते आम्ही घरी बघतोय. दुसरीला तिथेच ठेवतो आहोत.

जूनसाठी विचार करत असाल तर शिक्षणहक्क कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांच्या ऑनलाइन प्रवेशात अशा शाळा शोधू नका, थेट कार्यालयात जा. पटसंख्या आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागा तिथेच विचारा, संकोच करू नका. स्वच्छतागृह स्वतः बघा. गणवेश विकत घेण्याआधी कपाट उघडा. सहा वर्षांच्या मापाचे पिनाफोर भरपूर आहेत, त्यांत एक आमचाही आहे, डाव्या खिशाला शाईचा डाग. रेनकोट मात्र बाहेरून घ्या, तो वसईच्या पावसात वर्षभरसुद्धा टिकत नाही.